बक्कल की वेलक्रो

लग्नाला एकवीस दिवस उरले होते. आतल्या खोलीत आहेराच्या साड्यांचा ढीग छताकडे निघाला होता, आचारी वांग्यांचा आकडा मागत होता, पत्रिकांचं अर्धं बंडल अजून सुतळीतच होतं, आणि नवरीचे वडील प्रभाकरराव ओसरीवर मांडी ठोकून एकाच प्रश्नात बुडाले होते. घोडीच्या बुटांना बक्कल बरं की वेलक्रो?

"अवो, मांडववाल्याले फोन केला का?" आतून नलिनीबाईंचा आवाज आला.

"करतो. पण वेलक्रोचं एक हाये पाय, झटकन लागते. बकलाले येळ लागते."

"कोणाले लावून राहिले वेलक्रो?"

"शेवंतीले."

नलिनीबाई हातातला पापडाचा डबा घेऊनच बाहेर आल्या. "लग्न कोणाचं हाये हो? धनश्रीचं का शेवंतीचं?"

"दोघीचं बी निभलं पायजे," प्रभाकरराव म्हणाले, आणि हे ते मस्करीत म्हणत नव्हते.

पांढुर्ण्यात लग्नाची घोडी म्हटली की प्रभाकररावांचंच नाव निघायचं. चोवीस वर्षांत पांढुर्णा, सौंसर, तिगाव, मोहगाव असे कुठकुठचे नवरदेव त्यांनी मांडवापर्यंत पोचवले होते. लाजणारे, घामाघूम होणारे, घोडीवर बसताच आईला हाका मारणारे, सगळे. आधी शेवंतीच्या आईच्या पाठीवर आणि गेली नऊ वर्षं शेवंतीच्या. दर वरातीत लगाम धरून चालताना त्यांच्या मनात एकच यायचं, की एक दिवस आपल्या धनूचा नवरदेव आपल्याच घोडीवरून येईल आणि त्या दिवशी आपण लगाम नाही धरणार, दारात आरतीचं ताट घेऊन उभं राहणार. माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात घोडी नेतो, त्याला एकदा तरी स्वतःच्या दारात ती येताना बघावीशी वाटणारच की नाही?

पण मुलाचे वडील, सौंसरचे निवृत्त मुख्याध्यापक भगवंतराव, कारवाले निघाले. "घोडी-बिडी नको हो प्रभाकरराव. जनावराचा भरोसा नाही. उघडी कार सांगितली आहे, फुलं लावून." त्यांची समजूत घालायला प्रभाकररावांनी सौंसरच्या दोन चकरा मारल्या. दुसऱ्या चकरेत मुलगा, म्हणजे वीरेंद्र, स्वतःच म्हणाला, "बाबा, त्यांची हौस आहे तर बसतो मी." बँकेत नोकरीला असलेला हा सरळ मुलगा घोड्याला इतका भ्यायचा, की बोलताना त्याचा आवाज चिरकला. तरी म्हणाला. प्रभाकररावांना जावई त्याच क्षणी आवडला.

भगवंतराव कबूल झाले, पण मुख्याध्यापकी थाटात. "एक अट. कार मागं मागं येईल. घोडीनं जरा जरी इकडंतिकडं केलं, तर पोरगा तिथंच खाली उतरेल आणि कारमध्ये बसेल."

"माही शेवंती इकडंतिकडं करत नाई," प्रभाकरराव छाती काढून म्हणाले.

आणि घरी येऊन पाहतात तर शेवंती पाय उचलून उभी! मोहगावच्या वरातीत नाचताना तिनं एका पायाचा खूर दुसऱ्या पायाच्या सांध्यावर मारून घेतला होता. आतल्या अंगाला कातडी सोलून निघाली होती. जनावरांच्या डॉक्टर वृषाली आल्या, मलम लावलं आणि म्हणाल्या, "काका, वय झालं की नाचताना पाय पायाला घासतो. दहा दिवसांत बरं होईल. पण यापुढं पुढच्या पायांना बूट घातल्याशिवाय वरात नाही. पुन्हा त्याच जागी लागलं तर मी परवानगी देणार नाही, सांगून ठेवते."

"बूट म्हणजे?"

डॉक्टरांनी मोबाईलवर चित्रं दाखवली. जाड गादीचं आवरण, खुराच्या वरपासून गुडघ्याखालपर्यंत नळीला गुंडाळायचं आणि बाहेरून पट्टे लावायचे. "आता पट्टे कसले घ्यायचे ते तुम्ही ठरवा. वेलक्रो पटकन लागतो आणि पटकन निघतो, पण त्यात कचरा भरला की चिकटत नाही. बक्कल पक्कं, पण प्रत्येक पट्टा ओवत बसावं लागतं. आणि कोणताही घ्या, सैल नको अन् आवळूनही नको."

डॉक्टर बोलून गेल्या आणि घरात पार्लमेंट भरलं. नलिनीबाईंचं मत नाडीचं पडलं. "साधी नाडी बांधा. घागऱ्याची सुटत नाई तं घोडीची काऊन सुटन?" प्रभाकररावांची बहीण प्रेमलता आत्या शेजारच्या गल्लीत ब्लाउज शिवायची, तिनं टिचबटणाची बाजू घेतली. "मी लावून देतो दादा, रांगेनं आठ आठ. अशी फिट बसन नं घोडी!" पुतण्या भूपेंद्र, जो हल्ली काकाच्या हाताखाली घोडी सांभाळायचा, त्याला वेलक्रोशिवाय काही दिसत नव्हतं. "काका, आजकाल सगळं वेलक्रोवरच चालू हाये. चप्पल पाहा, बॅग पाहा."

"बाबा, बक्कल घ्या," धनश्री म्हणाली. "कापसाचे दिवस हायेत. जिनिंगच्या रोडनं वरात येईन, सगळा कापूस उडत असते. वेलक्रो भरून जाईन."

"बक्कल आता जुनं झालं वं," प्रभाकरराव पटकन म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

खरी गोष्ट अशी होती, की तीन वर्षांपूर्वी एका बिथरलेल्या खोंडाचा दोर प्रभाकररावांच्या उजव्या हाताला गुंडाळला गेला होता आणि तेव्हापासून त्यांची दोन बोटं वाकत नव्हती. शर्टाची बटणंही नलिनीबाई लावून देत. बारीक बकलात बारीक पट्टा ओवणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं, आणि आपल्या घोडीच्या पायात काही बांधायचं तर ते आपल्याच हातानं, दुसऱ्याला सांगायचं नाही, हा हट्ट होता. पण हे काही चारचौघांत बोलायचं नव्हतं. धनश्रीनं बापाच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि बकलाचा विषय सोडून दिला.

तर वेलक्रो ठरलं. भूपेंद्रनं मोबाईलवरून मागवलं, पाच दिवसांत खोकं आलं. काळेभोर, दोन पायांना दोन, प्रत्येकाला तीन रुंद पट्टे. प्रभाकररावांनी एका हातानं टप टप टप लावले. काय ऐट! शेवंतीनं पाय उचलून पाहिला, ठेवला, पुन्हा उचलून पाहिला आणि मान्य केला.

काढायच्या वेळी मात्र गंमत झाली. पहिला पट्टा ओढला, चर्रर्रर्र आवाज झाला आणि शेवंती अशी उडाली, की भूपेंद्र चाऱ्याच्या ढिगात जाऊन पडला.

"पाहा!" नलिनीबाई दारातून ओरडल्या. "नाडी म्हणून राहिली होती मी!"

पण प्रभाकरराव काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. बँडच्या ढोलाला, फटाक्यांना, ड्रोन कॅमेऱ्याला त्यांनी शेवंतीला सरावून ठेवलं होतं, तिथं हा वेलक्रो काय चीज? दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी शिकवणी सुरू केली. रोज बूट घालून शेवंतीला गल्लीतून फिरवून आणायचं, दावणीजवळ उभं करायचं, पट्टा ओढायचा, चर्रर्र, आणि लगेच तिच्या तोंडात संत्र्याची फोड. पुन्हा चर्रर्र, पुन्हा फोड. चौथ्या दिवशी ती उडायची थांबली. आठव्या दिवशी चर्रर्र झालं की मान वळवून ओठ पुढं करू लागली. बाराव्या दिवशी तर कमालच झाली. भूपेंद्रनं गल्लीच्या तोंडाशीच चुकून एक पट्टा ओढला, तर शेवंती त्याला ओढत सरळ दावणीवर आली आणि फोडीची वाट पाहत उभी राहिली.

"पाह्यलं का?" प्रभाकररावांचा ऊर भरून आला. "आवाज झाला की काम संपलं, घरी जायचं, संत्रं खायचं. माणसाले समजत नाई एवढं तिले समजते."

या कौतुकात पुढचं सगळं रामायण दडलेलं होतं, पण ते त्या घडीला कोणाच्या ध्यानात येणार?

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त अकरा बावन्नचा. वऱ्हाड सौंसरहून सकाळीच येऊन जानोशात उतरलं होतं. तिथून नवरदेव मारुतीच्या पाया पडून मंगल कार्यालयात यायचा होता. प्रभाकररावांनी पहाटे उठून शेवंतीला न्हाऊ घातलं, झूल चढवली, कपाळावर गोंडा बांधला, आणि पायात स्वतःच्या हातानं बूट चढवले. लगाम भूपेंद्रकडे देताना त्यांचा हात जरा रेंगाळला.

"पाय, बँड थांबला की तिच्या मानेवरून हात फिरवजो. आन मोबाईल खिशात ठेवजो."

"काका, टेन्शन नका घेऊ."

टेन्शन नका घेऊ म्हणणाऱ्या माणसाइतकं टेन्शन दुसरं कोणी देत नाही. प्रभाकरराव फेटा बांधून कार्यालयाच्या दारात जाऊन उभे राहिले. हातात आरतीचं ताट, बाजूला नलिनीबाई.

"धनू कुठं हाये?" त्यांनी विचारलं.

"घरी गेली प्रेमलताबाईसंग. ब्लाउजचे दोन हूक तुटले ऐनवेळी. सुईदोरा घरीच राहिला नं. येते दहा मिनिटांत."

घर तीन गल्ल्यांपलीकडेच होतं, म्हणून प्रभाकरराव पुन्हा रस्त्याकडे पाहू लागले. लांबून बँड ऐकू यायला लागला होता.

वरात जिनिंगच्या रस्त्यानं वळून चौकात आली तेव्हा प्रभाकररावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. पांढरीशुभ्र शेवंती तालात पाय टाकत येत होती. पाठीवर वीरेंद्र, तोंडावर मुंडावळ्या, दोन्ही हातांनी खोगीर असं घट्ट धरलेलं की बोटं पांढरी पडली होती. मागं फुलांनी सजवलेली रिकामी कार, भगवंतरावांच्या अटीप्रमाणे. कार्यालय पन्नास पावलांवर. चोवीस वर्षांची हौस पन्नास पावलांवर आली होती!

आणि चौकात वऱ्हाडातल्या बायकांनी भगवंतरावांना घेरलं. "मास्तरसाहेब, तुमी नाचलेच पायजे! एकुलत्या एका पोराचं लग्न हाये!"

"अहो, कमरेत पट्टा आहे माझ्या. मणका सरकलेला..."

"काई होत नाई! बँडवाले, गाणं बदला हो!"

बँड थांबला. नव्या गाण्याच्या आधी जी क्षणभराची शांतता असते, ती पसरली. भगवंतराव हसले, म्हणाले, "बरं, दोन पावलं," आणि नाचायला मोकळीक हवी म्हणून त्यांनी कोटाखाली हात घालून कमरेचा पट्टा सैल केला. तो पट्टा चांगला वीतभर रुंद होता, आणि तो होता वेलक्रोचा.

चर्रर्रर्रर्र!

शेवंतीनं कान टवकारले. मग शांतपणे, अगदी शहाण्यासारखी, ती डावीकडच्या गल्लीत वळली आणि घरी निघाली.

"अरे, अरे! सरळ! सरळ हाये कार्यालय!" प्रभाकरराव ताटासकट ओरडले.

भूपेंद्र लगामाला लोंबकळला. "हो हो हो! शेवंते! थांब वं!" पण काम संपल्यावर घरी निघालेल्या बाईला थांबवून पाहा कोणी. तिनं उधळण्याचं नाव काढलं नाही, उडी मारली नाही, आपली झपझप चालत राहिली. वरून वीरेंद्रचा आवाज येत होता, "मामाजी! मामाजी, हे कुठं चाललं?"

बँडवाल्यांचा नियम पक्का असतो. नवरदेव जिकडे, बँड तिकडे. त्यांना वाटलं, इथं गल्लीतून मिरवायची पद्धत असेल. त्यांनी दणक्यात नवं गाणं सुरू केलं आणि ते घोडीमागं वळले. बँडमागं नाचणारे वळले, नाचणाऱ्यांमागं बायका वळल्या, सगळ्यांमागं ती फुलांची कारही वळली, आणि समोरून येणाऱ्या कापसाच्या ट्रॉलीसमोर गल्लीत जी अडकली ती पुढंही जाईना, मागंही येईना. प्रभाकररावांनी ताट नलिनीबाईंच्या हातात कोंबलं, धोतराचा सोगा खोचला आणि धावत सुटले.

"अवो, नवरीच्या बापानं पळू नाई!" नलिनीबाई ओरडल्या.

"नवरदेवच पळाला तं मी काय करू!"

घरी अंगणात प्रेमलता आत्या दातात सुई धरून बसली होती आणि धनश्री शालूचा पदर सावरत आरशासमोर उभी होती. बँडचा आवाज जवळ जवळ येऊ लागला तसं आत्या म्हणाली, "इकडं कायले येऊन राहिला वं बँड?" तेवढ्यात फाटकातून शेवंती आत आली, दावणीजवळ गेली, आपल्या रोजच्या जागेवर उभी राहिली आणि संत्र्याची वाट पाहू लागली. वर साक्षात नवरदेव.

"बाप्पा! मुहूर्ताआधी तोंड पाहू नका!" प्रेमलता आत्यानं किंकाळी फोडली, दोरीवर वाळत घातलेली निळी चादर ओढली आणि दोघांच्या मध्ये ताणून धरली. "डोळे मिटा जावईबापू! धनू, तिकडं तोंड कर!"

आता हे दोघं गेले चार महिने रोज मोबाईलवर तास तासभर एकमेकांचं तोंड पाहत होते, हे आत्याला कोणी सांगावं? वीरेंद्रनं मात्र डोळे खरंच घट्ट मिटले. ते घोडीवर बसल्यापासून तसेही अर्धे मिटलेलेच होते.

प्रभाकरराव धापा टाकत फाटकात पोचले आणि पाठोपाठ भगवंतराव आले, कमरेवर हात ठेवून, रागानं लालेलाल. मागं सगळं अंगण वऱ्हाडानं भरलं. बँड फाटकाबाहेर वाजतच होता. भगवंतरावांनी हात वर केला, आणि वर्गात मास्तर शिरल्यासारखा बँड गप्प झाला.

"सांगितलं होतं की नाही मी?" भगवंतराव कडाडले. "जनावराचा भरोसा नाही! वीरेंद्र, उतर खाली. आत्ताच्या आत्ता."

लोक बघत होते. अट तर त्यांनीच कबूल केली होती, आता कोणत्या तोंडानं बोलणार? चोवीस वर्षांत एका नवरदेवाला त्यांनी अर्ध्यातून उतरू दिलं नव्हतं, आणि आता स्वतःचाच जावई स्वतःच्याच अंगणात उतरणार.

"बाबा, मी उतरत नाही," वीरेंद्र डोळे मिटूनच म्हणाला.

"का?"

"एक तर मामाजींना शब्द दिला आहे." त्यानं खोगीर आणखी घट्ट धरलं. "आणि उतरतात कसं, ते मला कोणी सांगितलं नाही."

चादरीमागून धनश्री खुदकन हसली. भगवंतरावांचा पारा आणखी चढला. धावल्यामुळं सैल पट्टा पार खाली घसरला होता. "थांब, मीच उतरवतो," म्हणत त्यांनी तो पट्टा नीट बांधायला आधी पुरता उघडला.

चर्रर्रर्रर्र!

शेवंतीनं झटकन मान वळवली, चार पावलं पुढं आली, भगवंतरावांच्या पोटाशी तोंड नेलं आणि ओठ पुढं करून त्यांच्या कोटाच्या खिशात संत्रं शोधू लागली.

प्रभाकररावांनी पट्ट्याकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भूपेंद्रचंही तोंड उघडलं, "काका, म्हणजे चौकात यायनंच पट्टा..." तोवर प्रभाकररावांनी त्याच्या पायावर पाय दिला. मुलीच्या सासऱ्याचा भर वऱ्हाडात पाणउतारा करायचा नसतो, एवढं त्यांना कळत होतं. ते पुढं झाले आणि हात जोडले.

"इवाई, चूक माही हाये. मीच तिले शिकवलं. बुटाचा पट्टा असा वाजला की काम संपलं, घरी जायचं, संत्रं भेटन. पंधरा रोज हेच केलं मी. तिनं आवाज ऐकला आन आली घरी. तिचा काई गुन्हा नाई."

भगवंतराव पट्टा हातात धरून उभेच राहिले. घोडी अजून त्यांचा खिसा हुंगत होती. कोणाचा पट्टा वाजला हे त्यांनाही कळलं होतं, आणि प्रभाकररावांनी ते का सांगितलं नाही हेही कळलं होतं.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "जे शिकवलं, ते तिनं एवढ्या गर्दीत, एवढ्या बँडमध्ये, जसंच्या तसं केलं?"

"हो जी."

"पंधरा दिवसांत?"

"बारा म्हणा."

"बत्तीस वर्षं शिकवलं मी, प्रभाकरराव," भगवंतराव म्हणाले. "एका पोट्ट्यानं असं ऐकलं नाही." आणि त्यांनी पहिल्यांदाच शेवंतीच्या कपाळावर हात ठेवला. "संत्रं द्या हो कोणी तिला. आणि वाजले किती ते पाहा."

अकरा बत्तीस झाले होते. संत्रं दिलं, ते खाल्लं, पण शेवंती जागची हलेना. तिचं काम संपलं होतं ना! आता पुन्हा बूट घातल्याशिवाय काम सुरू झालं असं ती मानणार नव्हती. प्रभाकररावांनी खाली वाकून पाहिलं, तर दोन्ही बूट घोट्यापर्यंत घसरलेले. वेलक्रोत कापूस भरला होता, रांगोळी भरली होती, झेंडूच्या पाकळ्याही होत्या. दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं, पण पट्टे आपले सुटून लोंबायचे.

"नाडी आणू का?" मागून धावत आलेल्या नलिनीबाईंनी विचारलं. त्या वेळीही त्यांच्या आवाजात थोडा विजय होताच.

"थांबा," चादरीमागून धनश्री म्हणाली. ती आत गेली आणि एक कापडी पिशवी घेऊन आली. चादरीखालून तिचा मेंदी भरलेला हात बाहेर आला. "बाबा, हे घ्या. जातानी देणार होती तुमाले."

पिशवीत दुसरी जोडी निघाली. तपकिरी, बकलाची. प्रभाकररावांनी सवयीनं हात मागं घेतला. मग नीट पाहिलं. नेहमीची बारीक बकलं काढून मोच्याकडून भली मोठी बकलं बसवून घेतली होती, शाळेच्या दप्तराला असतात तशी. पट्टेही रुंद, टोकाला कडक, भोकं ऐसपैस.

"दोन बोटं नाई वाकली तरी लागते," धनश्री हळूच म्हणाली. "मी माही दोन बोटं बांधून लावून पाह्यलं. चार डाव."

प्रभाकरराव खाली बसले. पहिला पट्टा ओवला, ओढला, बक्कल बसलं. दुसरा बसला. तिसरा. कोणी मदत केली नाही आणि मागावीही लागली नाही. तीन वर्षांनी त्यांच्या हातानं बक्कल लागत होतं आणि डोळ्यांतून पाणी शेवंतीच्या खुरावर पडत होतं. ते पुसायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही.

सहावं बक्कल लागलं तशी शेवंतीनं मान उंच केली आणि वळून फाटकाकडे तोंड केलं.

"चला!" प्रभाकररावांनी भूपेंद्रच्या हातून लगाम घेतला. मग थबकले. आज लगाम धरायचा नव्हता, दारात उभं राहायचं होतं.

"धरा हो," भगवंतराव म्हणाले. "तुमच्याइतकं तिला कोण ओळखते? दारातलं ताट इवाईणबाई सांभाळतील. मी चालतो तुमच्यासोबत."

आणि पांढुर्ण्यानं कधी न पाहिलेली वरात निघाली. नवरीचा बाप लगाम धरून, नवऱ्याचा बाप त्याच्या शेजारी, वर नवरदेव अजून डोळे मिटलेला, मागं चालती निळी चादर आणि तिच्या आडून नवरी. बँड दणक्यात वाजत होता. भगवंतराव मात्र सबंध वाटभर दोन्ही हातांनी कमरेचा पट्टा दाबून धरून चालले, चुकूनही सुटू नये म्हणून. अकरा एकोणपन्नासला नलिनीबाईंनी दारात ओवाळलं. मंगलाष्टकं वेळेवर झाली, आणि उतरताना वीरेंद्रला भूपेंद्र आणि चार जणांनी उचलून घेतलं ते एक वेगळंच.

संध्याकाळ व्हायच्या आत धनश्री सासरी गेली. त्या फुलांच्या कारमधूनच गेली. ट्रॉली मागं घेतल्यावर ती एकदाची निघाली होती. गाडी दिसेनाशी झाल्यावर प्रभाकरराव शेवंतीला घेऊन घरी आले आणि दावणीजवळ बसून एकेक बक्कल काढू लागले. कसलाच आवाज झाला नाही. सगळी निघाली तरी शेवंती तशीच उभी. काम संपल्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. प्रभाकररावांनाही ते कुठं पटत होतं? ते तिच्या पायाशी तसेच बसून राहिले, बूट मांडीवर घेऊन. घर फार रिकामं वाटत होतं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. भगवंतराव होते, अर्ध्या वाटेतून.

"इवाई, कामात तर नाही ना?"

"नाई जी. धनू बरी हाये नं?"

"ती बरी आहे. माझंच सांगतो." पलीकडे आवाज हळू झाला. "तिनं आता गाडीतच माझ्या पट्ट्याचं माप घेतलं. रुमालानं. म्हणते, बाबाजी, उद्याच मोच्याकडे टाकते, वेलक्रो काढून दोन मोठी बकलं लावून आणते. मी म्हणालो, अगं, राहू दे. ऐकतच नाही."

प्रभाकररावांना हसू आलं. त्यांनी खिशातून संत्रं काढलं, सोललं, एक फोड शेवंतीच्या तोंडात दिली.

"लावून घ्या इवाई," ते म्हणाले. "तिनं लावलेलं सुटत नाई."